पिंपळाखालची सिगारेट

वडील गेल्यापासून आईने तोंड उघडलं नव्हतं. आता तीही हातची जाते की काय, या धास्तीने हेमांगीचा जीव टांगणीला लागला होता. तेराव्याला वडिलांचे जुने सोबती जिवाजीकाका आले. दोघांनी तरुणपणी जत्राजत्रांतून सोनपंख सिगारेटची जाहिरात केली होती.

"पोरी, तुझा बाप म्हणजे चालती सिगारेट!" काका म्हणाले. "अंगाभोवती बांबू आणि पांढऱ्या कापडाचं उंच नळकांडं, वरच्या टोकाला पेटलेला धूप. एकदा दमून देवळामागच्या पिंपळाखाली टेकला, तर धूर बघून बाया रांगेने पाया पडायला लागल्या! हळदकुंकू, नारळ, ओटी! मी ओरडतोय, 'अहो, सिगारेट आहे ती!' तर एक म्हातारी माझ्याच अंगावर आली, 'देवाला नावं ठेवतोस, मेल्या?'"

हेमांगीने ओढणी तोंडात कोंबली, तरी हसू आवरेना. आत्याने डोळे वटारले, मग तिलाही हसू फुटलं.

तेवढ्यात कोपऱ्यात आईचे खांदे गदगदू लागले. हेमांगी घाबरून धावली. आईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती.

"भावजी, त्या रांगेत मीही होते की!" आई धापा टाकत म्हणाली. "हात जोडून म्हटलं, देवा, चांगला नवरा मिळू दे. तर आतून आवाज आला, 'पत्ता सांगा.'"

"मग?" हेमांगीने विचारलं.

"मग काय, देवानेच विचारल्यावर सांगितला!"