बाईंचा वास

भोंगा पुन्हा सुरू झाला.

भोंगा म्हणजे बालवर्गातली सगळ्यात धाकटी मुलगी. तिनं सूर लावला की बाकीची पिल्लं साथीला बसलीच. जुन्या बाई रिटायर झाल्यापासून रोज हीच मैफल. नव्या बाईंची गाणी गाऊन झाली, माकडउड्या मारून झाल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी! त्यात सकाळीच मुख्याध्यापिका बजावून गेल्या होत्या, "आज वर्ग सांभाळता आला नाही, तर उद्यापासून मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल." बाईंची पहिलीच नोकरी. आपणही भोकाड पसरावं, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात भोंगा अचानक थांबला. पोरगी कोपऱ्यातल्या कपाटाच्या फटीला नाक लावून बसली होती.

नव्या बाईंनी कपाट उघडलं. आत जुन्या बाईंचा एप्रन, आणि त्याच्या खिशात उन्हाळ्यात रोज लावायच्या सेंटची अर्धी बाटली. नुकतं संत्रं सोलल्यासारखा ताजा, आंबटगोड वास. अस्सं होय! दुसऱ्याच्या ताटात जेवल्यासारखं वाटलं खरं, पण अडला हरी... त्यांनी मानेवर, मनगटांवर, बाह्यांवर फुसफुस करून मारलं. घाईत जरा जास्तच झालं.

एकेकाचं रडं आटपलं. कोणी गुडघ्याला बिलगलं, कोणी बाहीलाच नाक पुसलं, दोघी मांडीसाठी भांडल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला.

भोंगा मात्र लांबूनच बघत होता. मग ती सावकाश जवळ आली. तिनं बाईंचं मनगट हुंगलं, बाही हुंगली, चेहरा नीट निरखला.

"हा आमच्या बाईंचा वास आहे," ती म्हणाली. "तू बाई नाहीस."

आता हिनं पुन्हा सूर लावला की संपलंच! पण त्या एवढ्याशा तोंडाकडे बघून बाईंना खोटं काही बोलवेना.

"नाही गं. त्यांचा वास लावलाय फक्त."

"विचारून घेतलास?"

"नाही."

भोंग्यानं पुन्हा एकदा बाही हुंगली.

"बरं, राहू दे तुझ्याकडे. बाई आल्या की परत द्यायचा हं," असं म्हणून मांडीवरच्या दोघींना ढकलत ती मधोमध बसली.