घरचं वायफाय

अनुपमाने वकीलबाईंना पाठवलेले दोन्ही मेल जयवंतने रात्री जेवताना तिला शब्दन् शब्द म्हणून दाखवले, तेव्हा तिला कळलं की नवऱ्याने आपल्या लॅपटॉपमध्ये काहीतरी बसवून ठेवलंय. सकाळी तो कामावर गेल्याबरोबर तिने मुलुंडच्या मैत्रिणीला, नीलमला, फोन लावला.

"विंडोजसकट सगळं पुसून टाक आणि त्याच्या जागी लिनक्स घाल," नीलम म्हणाली. "मी सांगते ना एकेक. घाबरू नकोस."

दुपारपर्यंत लिनक्स बसलं, पण लॅपटॉपला वायफायच सापडेना. मग नीलमच्या सांगण्यावरून अनुपमाने खालच्या दुकानातून बोटाच्या पेराएवढा वायफायचा डोंगल आणून लॅपटॉपला लावला, घरच्या वायफायचा पासवर्ड टाकला, आणि इंटरनेट सुरू झालं. "आता वायफायलासुद्धा हा नवाच लॅपटॉप वाटेल," नीलम फोनवर हसली. कितीतरी महिन्यांनी तिला पाठीमागे कोणी उभं नाही असं वाटलं. नव्या ईमेल पत्त्यावरून तिने वकीलबाईंना लिहायला घेतलं, 'मॅडम, आता मी मोकळेपणाने सांगू शकते.'

तेवढ्यात फोन वाजला. जयवंतचा होता, आणि आवाज अगदी शांत होता.

"कोण आलंय गं घरी? इथे माझ्या मोबाइलवर आपल्या वायफायला एक नवीन लॅपटॉप जोडलेला दिसतोय."