बेबाबाईचा काटा

केळी न्यायला शेठची गाडी लोटनच्या मळ्याच्या बांधाला लागली, तेव्हा तो गावात बेबाबाईच्या ओट्यावर उभा होता.

"अक्का, काटा दे. लीलाधरशेठनी गाडी उनी."

बेबाबाईने आतून फडक्यात करकचून बांधलेलं गाठोडं आणलं. एकीवर एक अशा तीन गाठी.

"लई जाय. गाठ सोडानी नही. शेठनी काही खोड काढी तर माले बलाव. आनि दिवा लावाना पहिले काटा मना घर पाहिजे."

"माहीत शे, अक्का."

हे गावात कोणाला माहीत नव्हतं? तापीकाठच्या त्या गावात मागून नेलेली वस्तू परत करायची फारशी पद्धत नव्हती. बेबाबाईची शिडी गेली ती गेलीच. तिची पेट्रोमॅक्सची बत्ती कोणाच्या लग्नाला म्हणून गेली आणि तिकडेच नांदायला लागली. म्हणून काट्याच्या बाबतीत ती कडक होती. कोणी कुरकुर केलीच, तर "मंग तुना काटा ली ये" एवढंच म्हणायची.

माल टांगून मोजायचा तो स्प्रिंगचा ताणकाटा तिच्या नवऱ्याने, गिरधरआबाने, पंच्याऐंशी साली जळगावहून आणला होता. तोवर केळीच्या बागा शेठच्याच काट्यावर मोजल्या जात आणि शेठ सांगेल ते वजन लोक मुकाट्याने मान्य करत. आबाने आपला काटा शेजारी टांगला आणि क्विंटलमागे सहा किलोंची चोरी गावासमोर उघडी पाडली. शेठची माणसं तोंड लपवत निघून गेली.

पुढच्याच वर्षी आबा वारला. काटा मात्र साऱ्या गावाचा झाला. बाग कापायची असली की लोक तो मागून नेत. उघडायची वेळच येत नसे. गाठोडं बांधावर दिसलं, की शेठचा काटा शहाण्यासारखा चाले. अशी दोन वर्षं गेली.

आज मात्र लीलाधरशेठ स्वतः आला होता.

पहिले चार घड मोजले आणि लोटनने शेवटचा घड काट्यावरून काढून पुन्हा हातात तोलून पाहिला. नुसता हातात उचलला तरी घड किती भरेल हे त्याला कळायचं.

"शेठ, कमी भरनं."

"मग सोड तुझं गाठोडं," शेठ हसून म्हणाला. "दोन वर्षं नुसतं त्याचं नाव ऐकतोय. आज दोन्ही काटे शेजारी टांगू. फरक नाही निघाला, तर यापुढे या गावात फक्त माझा काटा. सोडायचं नसेल, तर गाडी रिकामी नेतो."

रिकामी गाडी म्हणजे काय, हे लोटनला सांगायला नको होतं. निम्मा माल कापून जमिनीवर पडला होता, उरलेला तयार होऊन झाडावर होता. दुसरा व्यापारी मिळेपर्यंत सगळा गुरांपुढे घालायची पाळी आली असती. वर्षभर त्या बागेला त्याने पोरासारखं वाढवलं होतं. तो तसाच गावात पळाला.

बेबाबाई आली ती पदर खोचूनच.

"अक्का, जावू दे," लोटन हळूच म्हणाला. "कमी ते कमी. माल तरी जाई."

"चूप बठ! येक डाव मान खाले गयी, का जल्मभर खालेच राहस."

ती बांधावर बसली आणि गाठोडं मांडीवर घेतलं.

"सोडा गाठ, बाई," शेठ म्हणाला.

"सोडसू ना. पन आठे नही, गावना पारवर सोडसू. लोटन, गावमा जाय. दोन सालमा शेठनी ज्यास्नी ज्यास्नी बाग कापी, त्या बठ्ठास्ले बलाव. शेठ, तुमना आते टांगेल शे तोच काटा पारवर लई चला. मना काटा त्याना शेजारे टांगू. फरक निंघना, तर दोन सालना बठ्ठास्ना घाटा तुम्ही भरी देवाना. चाली का?"

शेठ दोन पावलं पुढे आला. त्याचा हात गाठीकडे गेला.

"हात लावानं काम नही, शेठ. मना काटा मीच सोडसू."

तिचा आवाज जराही चढला नाही. लोटनने टोपी घट्ट बसवली आणि तो गावाकडे निघाला. मघाची भीती कुठे गेली, त्याचं त्यालाच कळेना. बाग सडली तर सडू दे, पण शेठचं तोंड आज गावाने पाहिलंच पाहिजे, असं त्याला वाटलं आणि त्या वाटण्याने त्याला फार बरं वाटलं.

वीसेक पावलं गेला असेल, तोच मागून हाक आली.

"अरे थांब! सगळं गाव कशाला गोळा करतोस? मला उशीर होतोय." मग शेठ आपल्या माणसाकडे वळला. "पंडित, या काट्याची स्प्रिंग जाम झालेली दिसते. गाडीतला दुसरा काढ."

दुसऱ्या काट्यावर तेच चार घड टांगले आणि वजन चांगलं वाढलं. कापणीवरचे मजूर उघड उघड हसले. शेठने पुढचा सगळा माल मान वर न करता मोजून घेतला.

उन्हं उतरली तेव्हा गाडी भरून गेली. बेबाबाई स्वयंपाकाला म्हणून पुढे निघाली आणि लोटनने गाठोडं खांद्यावर घेतलं. वाटेत भेटेल त्याला थांबवून त्याने सगळी हकिगत सांगितली, दोनदा सांगितली. बेबाबाईच्या घरी पोचला तेव्हा ती चुलीपुढे बसली होती.

"अक्का, तू व्हतीस म्हनीसन आज वाचनू. येक डाव दखाड ना माले तो काटा."

"बठ. जेवीसनच जाय," बेबाबाई म्हणाली. "भाजी चिरेल शे. तुनाच साठे थांबेल व्हतू."

तिने त्याच्या हातातून गाठोडं घेतलं, एकेक करून तिन्ही गाठी सोडल्या, फडकं बाजूला सारलं आणि आतला वरवंटा काढून पाट्यावरच्या मिरच्या वाटायला घेतल्या.