पुलावरचा आवाज

"आता येतोय. गप सगळे!" सिद्धरामनं हात वर केला.

होटगीहून टमटम भरून आलेली मंडळी सोलापूरच्या थेटरात ओळीनं बसली होती. वडील संगप्पा, बायको विजयमाला, खुर्चीच्या टोकाशी सरकलेली लेक संस्कृती आणि पलीकडं भावकी. पडद्यावर व्हिडिओ गेमच्या आतलं कार्टूनचं गाव. त्यातल्या निळ्या पुलावर एक ढेरपोट्या राखणदार. त्याला सगळ्या गेममध्ये एकच वाक्य. ते म्हणायचं, खेळणाऱ्याचा धक्का खाऊन पडायचं, पुन्हा उभं राहायचं.

पिच्चरच्या मराठी डबिंगमध्ये ते वाक्य सिद्धरामचं होतं. पुण्याच्या स्टुडिओत जाऊन बोलून आला होता. होटगीत हे ठाऊक नाही असं कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं.

राखणदारानं तोंड उघडलं.

"थांब गड्याऽ! ह्यो पूल माजा हाऽऽय!"

ढकल. धप्प. पुन्हा उभा.

"थांब गड्याऽ! ह्यो पूल माजा हाऽऽय!"

आवाज सिद्धरामचा नव्हता.

दुसराच कुणीतरी होता. 'हाय' नाकातून ओढत होता. शहरातली माणसं खेड्यातल्याची नक्कल करताना ओढतात, तसा.

थेटर खदखदून हसलं. सगळ्यांत मोठ्यानं संगप्पा. "आपलीच भाषा की रं!" पुढच्या रांगेतल्या परक्या माणसाचा खांदा हलवून ते म्हणाले, "पोरगं हाय माजं!" भावकीनं शिट्ट्या मारल्या.

"आप्पा..."

ढकल. धप्प.

"आप्पा, ह्यो आवाज..."

"गप बस की! तुजा आवाज ऐकू दे!"

विजयमालानं मान वळवली. सिद्धरामचा गळा तिनं तो झोपेत बरळतानाही ऐकलेला. तिनं एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं. मग ती टाळ्या वाजवू लागली.

बाहेर, दाराशी, राखणदाराचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा पुतळा होता. सिद्धरामला त्याच्या शेजारी उभं केलं गेलं. मोबाईल वर झाले.

"म्हण की एकदा!"

"थांब गड्या. ह्यो पूल माजा हाय." तो म्हणाला. पुण्याला म्हणाला होता तस्सं.

संस्कृतीनं नाक मुरडलं. "असं न्हाय, पप्पा. पिच्चरमधल्यागत म्हणा."

"असंच हाय बाळा ते."

"न्हाय. ह्ये खोटं वाटतंय."

"पोरांना लगीच कळतंय बग," संगप्पा हसले. "नीट म्हण, सिद्दू. लोकं थांबलीत."

त्यानं विजयमालाकडं पाहिलं. तिचाही मोबाईल वरच होता.

"म्हणा की," ती हळूच म्हणाली. "तुमचाच आवाज न्हवं?"

सिद्धरामनं घसा खाकरला. आवाज नाकात चढवला.

"थांब गड्याऽ! ह्यो पूल माजा हाऽऽय!"

"आत्ता कसं!" भावकी ओरडली. संस्कृती खिदळत पळत आली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याच्या पोटाला धक्का दिला.

सात वर्षांच्या पोरीचा धक्का तो. पण सगळे वाट बघत होते. सिद्धराम फरशीवर पडला.

धप्प.

"उठा, पप्पा," संस्कृती म्हणाली. "परत."