गाव सोडून गेलेले

लाउझित्स प्रांतातली कोळशाची खाण बंद पडली आणि त्या खड्ड्याचं आता तळं झालंय. काठावरच्या यासेन गावाचा इतिहास लिहायला जिल्ह्याच्या संग्रहालयातल्या बाई आल्या, तेव्हा वोर्शाआजी पिसाच्या टोकानं ईस्टरच्या अंड्यावर मेणाची नक्षी काढत होती.

"खाणीसाठी गाव उठवायचं ठरलं तेव्हा किती जण गेले, आजी?"

"एकशे बारा."

"एवढे?"

"माझा नवरा म्यर्तिनसुद्धा गेला. जन्मभर माझ्याशी हुज्जत घातली, पण खाणवाल्यांपुढं चकार शब्द काढला नाही त्यानं."

बाईंची पेन्सिल थांबली. "म्हणजे तुम्ही एकट्याच मागं राहिलात?"

"एकटी कशानं? अख्खं गाव होतं की माझ्यासोबत." आजीनं अंडं खिडकीच्या उजेडात धरून निरखलं आणि पुन्हा पीस मेणात बुडवलं.

"कंपनीनं आधी दफनभूमीतल्या कबरी हलवल्या. त्यांना वाटलं, आपल्या माणसांच्या मागोमाग आम्हीही मुकाट्यानं जाऊ. लिहा बाई, या गावात कंपनीचं ऐकलं ते फक्त मेलेल्यांनी."