पूर्वेचा उतार

अरुंधतीकाकू कचऱ्याच्या गाडीत ओला-सुका वेगळा टाकून परत येईपर्यंत मनीष त्यांच्या ओट्यावर बसून होता. पिशवीतला कागद त्यानं पुन्हा पुन्हा चाचपला. काकूंनी तो फाडून त्याच्या तोंडावर फेकावा, एवढंच त्याला आज हवं होतं.

"अरे मनीष, केव्हा आलास? फोन तरी करायचा ना. थांब, हात धुते, चहा टाकते."

"रहने दो काकू, तुम्ही बसा आधी."

इंदूरच्या छत्रीबागेत असं सांगून कुणी बसलंय का कधी? चहा आला, बशीत सेव आली, वर वाटीभर खीर आली. काल काकांचं श्राद्ध होतं. भिंतीवर काकांच्या फोटोला ताजा हार होता. शेजारी मुलाचा, रजतचा फोटो. खाणीचं पिवळं हेल्मेट, हसरा चेहरा, हार नाही. मनीषनं एकदा विचारलं होतं, रजत सध्या कुठे असतो म्हणून. "खाणीच्या आधीच्या कंपनीत होता. त्यानंतर घरी आलाच नाही," काकू एवढंच बोलल्या होत्या. हल्ली या गल्लीत दर घराआड एक मुलगा असा बाहेर गेलेला. मनीषनं पुन्हा विषय काढला नाही.

मनीष सोन्याच्या खाणीत पर्यावरणाचं काम बघायचा. इंदूरहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, डोंगरात ती खाण. तिथं उपसलेल्या दगडमातीचा एक जुना ढिगारा होता, चांगला टेकडीएवढा. एके काळी नुसता बोडका. जुन्या कंपनीच्या वेळी एका पावसात त्याचा पूर्वेचा अख्खा उतार घसरला होता. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, असं जुनी माणसं सांगत. त्यानंतर अरुंधतीकाकू, ही शाळेत शिकवणारी बाई, इंदूरहून रोपं घेऊन यायला लागली. रविवार म्हणू नका, उन्हाळ्याची सुट्टी म्हणू नका. मुलगा तिथं नोकरीला होता, त्या ओळखीनं कुणी अडवलं नसावं, असं मनीषला वाटायचं. बघता बघता काकूंनी त्या ढिगाऱ्याचं रान केलं.

पळस, करंज, खैर, सगळं आपल्या मातीतलं. यंदा तर नवरंग पक्ष्यानं घरटं केलं, तेव्हा मनीष दुर्बीण डोळ्याला लावून पोरासारखा हसला होता. फक्त पूर्वेच्या उतारावर काकूंनी वेगळंच केलेलं. तिथं नुसता बांबू आणि वाळा, इतका दाट की पाय ठेवायला जागा नाही. दर पावसाळ्यात त्यांचा फोन यायचा. किती झाडं जगली, हे त्या कधी विचारत नसत. "पूर्वेची माती हलली का रे?" एवढंच. नाही म्हटलं की फोन ठेवायच्या. जमीन राखणं कशाला म्हणतात ते या बाईंकडून शिका, असं मनीष कॉलेजच्या पोरांना सांगायचा.

आणि आता सोन्याचा भाव असा चढला होता की जुन्या दगडातलं उरलंसुरलं सोनंही नव्या पद्धतीनं काढणं परवडत होतं. मोठ्या साहेबांना ढिगारा परत उपसायचा होता. अडचण एकच. हिरव्या कामाचं बक्षीस घेताना जुन्या कंपनीनं भर सभेत लिहून दिलं होतं, की हे रान अरुंधतीबाईंचं, त्यांच्या संमतीशिवाय इथली फांदीही तुटणार नाही. ती संमती आणायला साहेबांनी मनीषला धाडलं होतं.

त्यानं सगळं सांगून टाकलं. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "काकू, तुम्ही ना म्हणा. तुम्ही ना म्हटलं की किस्सा खतम. माझी नोकरी गेली तरी चालेल."

काकूंनी हातातली बशी खाली ठेवली.

"सगळा उपसणार? तळापर्यंत?"

"तळापर्यंत."

"पूर्वेचा उतारपण?"

"तिथूनच सुरुवात आहे."

काकूंनी चष्मा लावला, पेन मागून घेतलं आणि संमतीच्या कागदावर सही केली.

मनीषनं खिरीची वाटी दूर सारली. ज्या बाईला तो देव्हाऱ्यात बसवून होता, तिनं एका सहीनं रान विकलं होतं. त्याला रडू आलं, मग राग आला.

"साहेब आधीच येऊन गेले वाटतं. काय द्यायचं ठरलंय?"

काकू रागावल्या नाहीत. "मला काय करायचंय, बेटा? पूर्वी सगळ्यांच्या पाया पडून झालं माझं, कुणी फावडंही उचललं नाही. सोन्यासाठी का होईना, आता खोदतायत तरी. फक्त एक कर. पूर्वेला मशीन लावू नका. माणसं लावा, हलक्या हातानं खोदायला सांग. मी तिथं बसून राहीन."

त्यांनी कपाट उघडून एक पिशवी बाहेर काढली. कधीची भरून ठेवलेली असावी. आत घडीवर पिवळं पडलेलं कोरं धोतर होतं आणि गंगेचा बंद गडू.

"भूमिपूजनाची तयारीसुद्धा झाली का?" मनीषचा आवाज फाटला. "खोदूच द्यायचं होतं, तर इतकी वर्षं ती झाडं लावलीत कशाला, काकू?"

काकूंनी धोतराची घडी हातानं नीट केली.

"पावसात माझा रजत आणखी खाली वाहून जाऊ नये म्हणून."