थंड पाण्याचा बेत

पंप टाकीत बुडवायचा की बाहेर ठेवायचा, यावर सपना आणि रुपेश अर्धा तास भांडत होते. शेवटी सपनाने कागद स्वतःकडे ओढला.

"बुडवाचा. कूलरचा पंप आहे, कोरडा चालला तं जळते. नळी इथून वर. तांब्याच्या ठोकळ्यात पाणी प्रोसेसरची गरमी घेईल, मंग भंगारातल्या मारुतीच्या रेडिएटरमधी थंड होऊन परत टाकीत. समजलं?"

रुपेशला समजलं. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. कॉलेजच्या मेळाव्यात सगळ्यात वेगवान कम्प्युटरला बक्षीस होतं आणि त्याने प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त पळवला होता. वर्ध्याच्या एप्रिलमध्ये माणसं टिकत नाहीत, तिथे प्रोसेसर काय टिकणार! पंखा नुसता घोंघावायचा आणि दहा मिनिटांत मशीन बंद पडायचं.

म्हणून तो सपनाकडे आला होता. बसस्टँडजवळच्या ज्या कम्प्युटर क्लासमध्ये ती शिकली, तिथेच आता शिकवत होती. तिचे वडील तानबा पवनारला घरीच कूलर दुरुस्त करायचे.

पूर्वी तानबा रुपेशच्याच कॉलेजात लॅबचे शिपाई होते. सपना क्लासला जायला लागली त्या उन्हाळ्यात लॅबच्या एका नव्या मशीनमधला प्रोसेसर गायब झाला. किल्ली तानबांकडे. पुरावा काही नव्हता, तरी त्यांना काढलं, आणि गावात चोर म्हणून नाव झालं ते झालंच.

पुढच्या महिन्यात रुपेशकडे नवं मशीन आलं. सपनाने तेव्हाच ताडलं. हा पोरगा दिवसभर लॅबमध्ये पडून असायचा. बापाचं नाव धुऊन काढायचं आणि याचं तोंड भर गर्दीत काळं करायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. दोन वर्षं ती त्याच्याशी गोड बोलत आली होती आणि आतल्या आत जळत होती.

"काय व, पाणी सोडनार का त्याच्या मशीनमधी?" क्लासमधल्या दिपालीने विचारलं.

"एक थेंब गळू देनार नाई," सपना म्हणाली.

खरंच, प्रत्येक नळी तिने दोनदा तपासली. पाण्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तांब्याचा ठोकळा बसवायचा तर जुना पंखा उचलावाच लागतो आणि खालचा प्रोसेसर उघडा पडतो. लॅबच्या प्रत्येक प्रोसेसरवर लॅबप्रमुख प्रभाकरराव सरांनी स्वतःच्या हाताने नंबर कोरला होता. पंख्याखालच्या, उष्णता ओढणाऱ्या पांढऱ्या लेपात तो झाकून जातो.

"ठोकळा मले दे, मी घरीच बसवतो," रुपेश दोनदा म्हणाला.

"मेळाव्यातच बसवू ना. लोकायले पाहू दे."

मग पंखाच बरा, असंही म्हणून पाहिलं त्याने. भेदरला मेला, सपना मनात म्हणाली, आणि तिला त्या रात्री फार छान झोप लागली.

"शनिवारी मेळाव्याले या बाबा," तिने तानबांना सांगितलं. "सरायसमोर चोर उभा करतो."

तानबा पंपाची वायर सोलत होते. त्यांचा हात थांबला.

"जाऊ दे ना माय. झालं ते झालं. त्या पोराच्या जिंदगीचा सवाल आहे."

बाबा असेच. सरळ माणूस, म्हणून तर लोकांनी तुडवला. सपनाने त्यांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि हाताला धरून बसमध्ये चढवलं.

मेळाव्यात रुपेशचं मशीन तिसऱ्यांदा बंद पडलं. परीक्षक प्रभाकरराव सरच होते. सपनाने पिशवीतून ठोकळा काढला, तसा रुपेशने पंख्यावर हात ठेवला.

"राहू दे सपना. हात जोडतो."

"काऊन? भेव लागून राह्यलं का?"

तिने त्याचा हात बाजूला सारला, पंखा उचलला आणि रुमालाने लेप पुसला.

"सर, इथं पाहा."

सर चष्मा सावरत वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"सतरा नंबर," ते म्हणाले. "आपल्याच लॅबचा."

गर्दी जवळ सरकली. सपनाचा आवाज चढला. "सांग आता सगळ्यायसमोर. कोणी चोरला?"

रुपेश मान खाली घालून उभा होता.

"सर, पोलिसायले बोलवा!"

तानबा गर्दीतून वाट काढत आले आणि रुपेशच्या पुढ्यात उभे राहिले. आता बाबा याच्या कानाखाली वाजवणार, असं सपनाला वाटलं.

"पोराले काई करू नका, सर," तानबा म्हणाले. "मीच काढून इकला त्याले, हिच्या क्लासच्या फीसाठी. चोरीचा आहे हे त्याले मागून समजलं, तवा पाया पडलो मी त्याच्या, माह्या पोरीले सांगू नको म्हून."